सहा माकडांचं वजन

जनावरं एकमेकांच्या घरची चौकशी करायची, त्या काळातली ही गोष्ट. रानातल्या गोदामात पोती उचलायचं नवंकोरं यंत्र आलं, फोर्कलिफ्ट, आणि बघायला ही गर्दी लोटली! झिपरू अस्वलाची त्या दिवशी परीक्षा होती. पास झाला तर यंत्र त्याच्या हाती, नाहीतर पुन्हा पाठीवर ओझी.

गर्दी बघून झिपरूला चेव आला. तीन खेपांची पोती त्याने एकदमच घेतली, तशी यंत्राची मागची चाकं अधांतरी झाली.

"घाबरतोस काय गड्या, आम्ही बसतो की मागे," म्हणत सहा माकडं चढून बसलीसुद्धा. चाकं टेकली, पोती वर गेली, टाळ्यांचा कडकडाट झाला.

शिकवणारी गजराबाई हत्तीण एवढंच म्हणाली, "झिपरू, किती उचलायचं ते यंत्राच्या पाटीवर लिहिलंय, बाळा. त्यात माकडं धरलेली नाहीत."

झिपरूने खाली पाहिलं. पोत्यांखालीच ससोबा मान वर करून मजा बघत होते. "ससोबा, बाजूला व्हा," तो ओरडला. गर्दी "अजून वर" म्हणत असतानाच त्याने पोती हळूहळू जमिनीवर टेकवली.

"घाबरट रे घाबरट," माकडं चिडवायला लागली. तेवढ्यात बाहेरून कोणीतरी हाक दिली, "फणस पिकलाय रे!" आणि सहाच्या सहा माकडं एका उडीत पसार झाली.

पोती अजून वर असती तर? सगळे ससोबांकडे बघायला लागले. झिपरूने तीन खेपा केल्या आणि यंत्र त्याच्या हाती आलं.

फणस खाऊन माकडं परतली. "बसू का रे मागे?"

"बसा की," झिपरू म्हणाला, "त्या तिकडे, भिंतीपाशी. आणि ससोबांनाही घेऊन जा."