वैशाख वद्य पंचमीचा नगारा

घाटमाथ्यावरच्या खिंडवाडीत सिदोबा नावाचा एक गुरव राहत असे. गावाबाहेरच्या टेकडीवर एक मोठा नगारा होता. खिंडीवर नजर ठेवायची आणि परकी फौज दिसली की नगारा बडवायचा, हे त्याचे काम.

त्या राज्यात एक रीत होती. रोज सकाळी कुलकर्णी चावडीवर जुनी वही उघडत आणि त्या तिथीला पूर्वी गावात काय घडले ते मोठ्याने वाचत. एखाद्या दिवशी देवळाचा कळस बसलेला असे, एखाद्या दिवशी पटकीच्या साथीत निम्मी आळी गेलेली असे. वैशाख वद्य पंचमीच्या पानावर लिहिले होते, 'या दिवशी लुटारूंची धाड आली. सिदोबा गुरवाने नगारा वाजवून गाव वाचवले.'

मग काय विचारता! दरसाल त्या दिवशी सिदोबाला नवे पागोटे बांधत, बायका ओवाळत, तरणी पोरे त्याला खांद्यावर घेऊन टेकडीपासून चावडीपर्यंत मिरवत. आणि नेमक्या त्याच दिवशी सिदोबाच्या घशाखाली घास उतरत नसे. भोवती सारा गाव असे, पण त्याला वाटे, यातला एकही माणूस आपल्याला ओळखत नाही. बायकोलासुद्धा त्याने मनातले कधी सांगितले नव्हते. ती बिचारी त्याचे कौतुक करता करताच वारली.

कारण त्या दिवशी नगारा त्याने वाजवलाच नव्हता.

खिंडीत धूळ उठलेली त्याने सर्वांत आधी पाहिली होती. भाले दिसले तसा तो कपारीत जाऊन लपला. तेवढ्यात हिरकी टेकडी चढून आली. मिठाच्या तांड्यातून मागे राहिलेली ही वंजारीण गावाबाहेर झोपडी करून राहत असे, सरपण विकून पोट भरत असे. तिने दोनदा सिदोबाला हाक मारली. तो कपारीतून सारे पाहत होता, पण त्याने ओ दिली नाही. मग तिने सरपणाची मोळी टाकली, टिपऱ्या उचलल्या आणि नगारा बडवायला सुरुवात केली. गाव वेळेत सावध झाले, बायकापोरांसह सारे रानात पांगले. लुटारूंना रिकामी घरे मिळाली. जाता जाता एकाने टेकडीच्या दिशेने बाण सोडला. हिरकी पडली.

गावकरी वर आले तेव्हा सिदोबा तिच्या हातून पडलेल्या टिपऱ्या घेऊन उभा होता. पाटील म्हणाले, "शाबास सिदोबा! तुझ्यामुळं वाचलो." कुणीतरी विचारले, "आन ही बाई हितं कशाला आली?" दुसरा म्हणाला, "दुसरं काय? हीच फितूर. नगारा थांबवायला आली आसंल." सिदोबा तेव्हाही गप्प राहिला.

हिरकीला एक मुलगी होती, लाडी. ती त्याच झोपडीत एकटीच वाढली. विहिरीवर गेली की बायका बाजूला सरत. पंचमीला मिरवणूक तिच्या दारावरून जाई आणि जाता जाता पोरे झोपडीवर धोंडे टाकत. त्या दिवशी ती दार उघडत नसे.

अशी वीस वर्षे गेली. विसाव्या पंचमीला खुद्द राजेसाहेब खिंडवाडीला आले. सिदोबाचे नाव दगडावर कोरून तो वेशीत बसवायचे त्यांनी ठरवले होते. वाजतगाजत मिरवणूक निघाली. झोपडीपाशी आली आणि पहिला धोंडा पडला, तोच दार उघडले. लाडी बाहेर आली. ती कुणावर ओरडली नाही. सरळ सिदोबाकडे बघून म्हणाली,

"सिदोबाकाका, माझ्या आईला शेवटचं तुम्हीच पाह्यलं. तुम्ही सांगा. ती खरंच फितूर होती?"

वाजंत्री थांबली. सिदोबाने नजर फिरवली. कुणीतरी लाडीला बाजूला ढकलले आणि मिरवणूक पुढे गेली.

चावडीवर कुलकर्ण्यांनी पान वाचले. राजेसाहेब म्हणाले, "सिदोबा, वहीत एवढीच ओळ आहे. तो दिवस तुझ्या तोंडून ऐकू दे."

सिदोबा उठला. पागोटे काढून त्याने खाली ठेवले.

"महाराज, त्या दिवशी मी लपलो होतो. नगारा हिरकीनं वाजवला. गाव तिनं वाचवलं आणि ती मेली. मी नुसत्या टिपऱ्या उचलल्या."

त्याने सारे सविस्तर सांगितले. राजेसाहेबांनी वही पुढे मागवली. मग त्यांनी कुलकर्ण्यांना ती ओळ खोडायला लावली आणि तिथे हिरकीचे नाव लिहायला सांगितले. दगडावरही तेच नाव कोरले गेले. नगाऱ्याचे काम सिदोबाकडून काढून घेतले. याहून मोठी शिक्षा त्यांनी दिली नाही.

ती गावाने दिली. सिदोबाच्या दारावरून जाताना लोक मान फिरवू लागले. देवळात तो बसला की शेजारचा उठे. धोंडे ज्यांनी टाकले होते तेच सर्वांत जास्त रागावले होते, कारण आपली लाज त्यांना सिदोबाच्या माथी मारता येत होती. पावसाळा गेला, दिवाळी गेली. सिदोबाच्या घरात त्याच्या स्वतःच्या खोकल्याखेरीज माणसाचा आवाज उरला नाही. पण घास मात्र आता त्याच्या घशाखाली सहज उतरत होता.

माघातल्या एका दुपारी दारात लाडी उभी राहिली. सिदोबा धडपडत उठला. हात जोडून म्हणाला, "पोरी, मला माफ..."

"माफ करायला नाही आले मी," लाडी म्हणाली. "तेवढं मन माझं अजून झालं नाही. पण त्या दिवशीची माझी आई तुमच्याबिगर कुणी पाह्यली नाही. ती घाबरली होती का?"

सिदोबा खाली बसला. "घाबरली होती. एक टिपरी दोनदा हातातून निसटली. दोन्ही वेळा तिनं ती वाकून उचलली."

"काही बोलली?"

"तुझं नाव घेऊन रानाकडं पळ म्हणून ओरडत होती. नगाऱ्याच्या आवाजात तुला ते ऐकू गेलं नसंल."

लाडी उंबऱ्यावर बसली आणि वीस वर्षांत पहिल्यांदा मोकळी रडली. सिदोबा तिथेच बसून राहिला. उन्हे कलली तेव्हा तिने डोळे पुसले.

"उद्या येईन," ती म्हणाली. "अजून पुष्कळ विचारायचंय."

तात्पर्य: दुसऱ्याचा मान आपल्या माथ्यावर मिरवणारा भर गर्दीतही एकटाच असतो. खरे सांगायला कितीही उशीर झाला तरी ते सांगावे, कारण कुणीतरी त्याची वाट पाहत बसलेले असते.