डोलीचं खालचं टोक

एका डोंगरावर जिथे बैलगाडी चढत नाही, असं एक गाव होतं. तिथे हैबती आणि बुधा हे दोघे भाऊ डोली वाहायचे. जाड बांबूला झोळी बांधायची, तिच्यात आजारी माणूस निजवायचं आणि बांबूची दोन टोकं दोघांनी खांद्यावर घ्यायची. असे रोगी ते पायथ्याच्या दवाखान्यात न्यायचे.

डोंगरवाटेवर खालच्या माणसाकडे भार जास्त येतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून जुन्या लोकांनी निम्म्या वाटेवर विसाव्याचा एक धोंडा मांडून ठेवला होता. तिथे डोली टेकवायची, टोकं बदलायची, खांदाही बदलायचा. अशी रीत होती.

थोरल्या हैबतीने ती मोडली. चढावर म्हणायचा, "मी पुढं होतो, वाट मी बघतो." उतारावर म्हणायचा, "मी मागं राहतो, तोल मी सांभाळतो." म्हणजे चढ असो की उतार, हा पठ्ठ्या आपला कायम वरच्या टोकाला! आणि धोंडा आला तरी थांबायचं नाव नाही.

"दादा, जरा टेकू. उजवा खांदा पेटलाय," एकदा बुधा म्हणाला.

"आरं, वरातीत चाललोय का टेकत टेकत जायला? चल!"

बुधा स्वभावाने गरीब. चालत राहिला. बारा वर्षं. त्याचा उजवा खांदा दबला, कंबर डावीकडे गेली, उजवा पाय फरफटू लागला. रिकाम्या हाताने पाणवठ्यावर निघाला, तरी खांद्यावर बांबू असल्यासारखा चालायचा. पोरं त्याच्यामागे तशीच वाकडी चालून दाखवायची. आणि सांगायलाही लाज वाटते, हैबतीही त्यांच्याबरोबर हसायचा.

हैबतीची एकुलती एक लेक ठकू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. एका सकाळी तिचं मूल अडलं. सुईण म्हणाली, "माझ्या हातातलं न्हाई ह्ये. दुपारच्या आत खाली पोचवा, न्हाईतर दोघंबी जातील."

डोली उचलली. आणि माणसाची सवय बघा! पोटच्या पोरीची डोली, तरी हैबती नकळत मागे, वरच्या टोकालाच जाऊन उभा राहिला.

बुधा पुढे झाला आणि जीव खाऊन चालला. पण विसाव्याच्या धोंड्यापाशी त्याचा उजवा गुडघा दुमडला. डोली त्याने पडू दिली नाही. पण तो पाय पुन्हा उतारावर भार घेईना.

"दादा, तू खाली ये. मी वर धरतो."

बारा वर्षांत पहिल्यांदाच हैबती खालच्या टोकाला गेला. दहा पावलांत त्याचे पाय लटपटले. विसाव्या पावलाला डोली टेकवावी लागली. पुन्हा उचलली, पुन्हा टेकवली.

"ठकू एवढी जड कशी रं?" त्याने धापा टाकत विचारलं.

"ठकू जड न्हाई, दादा. ह्ये टोकच असं हाय."

दुपार टळली. झोळीतलं कण्हणं थांबलं. दोघांना वाटलं, पोरीचा डोळा लागला. पायथ्याशी डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली आणि नुसती मान हलवली. बाळ आणि बाळंतीण, दोन्ही गेली होती.

ठकूला त्याच झोळीत घालून परत निघाले, तेव्हा चढावर बुधा आपसूक मागे, खालच्या टोकाला गेला. हैबतीने त्याचा हात धरला. "बुधा, तू वर हो," एवढंच म्हणाला आणि ढसाढसा रडला.

बुधा वर गेला. आता त्याच्या खांद्यावर भार जेमतेम होता. तरी तो चालला तसाच, खांदा पाडून, पाय फरफटत. हैबती मागून ती चाल घरापर्यंत बघत आला.

तात्पर्य: आपल्या वाट्याचं ओझं दुसऱ्यावर टाकून त्याच्या वाकड्या चालीला हसू नये, अडल्या वेळी आपलं माणूस त्याच वाकड्या पायांच्या भरवशावर असतं, आणि मागाहून वाटून घेतलेल्या ओझ्याने वाकलेलं अंग सरळ होत नाही.