उतारावरची कळशी

“…मग अजून किती गोण्या लादून बघू, आक्का?”

ऋजुताचा आवाज चढला आणि झोळीकडे लक्ष जाताच उतरला. मठाच्या ओसरीत साडीची झोळी हलत होती. आत तिची तान्ही लेक झोपावं की रडावं या विचारात.

अंगणात तिने स्वतः बनवलेली विजेवरची तीनचाकी उभी होती. उद्या सकाळी मठाच्या आक्कांना टेकडीखालच्या गावात मोतीबिंदू काढायला जायचं होतं. गुडघे उतरू देत नव्हते. आणि आक्का डोलीचं नावही काढू देत नव्हत्या.

“चौघांच्या खांद्यावरून एकदाच जाईन,” म्हणायच्या.

“चढते कशी ते बघितलंत ना? आणि ब्रेक दाबला की जागच्या जागी उभी!” ऋजुता अभिमानाने म्हणाली. मग जरा कमी अभिमानाने, “म्हणजे… वाळूच्या गोण्या पुढे आपटतात. पण थांबते.”

“मोटरनेही वेग आवरतो म्हणालीस ना?”

“आवरतो. पण हळूहळू. आणि हळूहळूवर माणसाने भरवसा कसा ठेवायचा?”



आक्कांनी झोळीकडे बोट केलं. “डोळा लागला बघ तिचा. थांबव आता.”

ऋजुताने झोळीला हात लावला. धरली नाही. हात झोळीबरोबर गेला, झोळीबरोबर आला. मग जरा कमी गेला, जरा कमी आला… अगदी शेवटी तिने झोळी मुठीत धरली.

लेक गाढ झोपलेली.

ऋजुता स्वतःच्याच हाताकडे बघत राहिली.

“अगंबाई…”

तिने गोण्या उतरवल्या. आक्का मागच्या सीटवर बसल्या. टेकडी उतरणाऱ्याने झऱ्याचं पाणी पायथ्याच्या देवीला न्यायचं, ही मठाची रीत. त्यांनी काठोकाठ भरलेली कळशी मांडीवर घेतली.

“आज नुसतं त्या चिंचेपर्यंतच जायचंय. कळशी उद्या घ्या ना.”

“असू दे गं.”

उतार लागला. ऋजुताने ॲक्सिलरेटर सोडला. मोटर हलकेच मागे ओढू लागली… वेग ओसरत गेला… चिंचेखाली तिने फक्त बोटाने ब्रेक दाबला.

कळशीतला थेंबही सांडला नव्हता.

ऋजुताने वळून ओसरीकडे पाहिलं. झोळी स्थिर. तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला, आणि ती एकटीच हसत सुटली.

“आक्का, तुम्हाला जरासुद्धा भीती नाही वाटली?”

“वाटली ना. म्हणून तर कळशी काठोकाठ भरून घेतली.”