करपलेला पाक

फार पूर्वी एका गावात एक हलवाई राहत असे. त्याच्या खारट-गोड गोळ्यांचे नाव पंचक्रोशीत होते. कृती साधी. कढईत साखर तांबूस होईपर्यंत वितळवायची, तीत लोणी आणि साय घालायची, शेवटी चिमूटभर मीठ. बस. पण दुसऱ्या कुणाला त्या जमत नव्हत्या.

हलवाई म्हातारा झाला. त्याचे हात थरथरू लागले. घरात एकच सून होती आणि तिला ही विद्या हवी होती. तीन वर्षे ती चुलीशेजारी बसून बघत होती, पण हलवाई तिला कढईला हात लावू देत नसे.

शेवटी जत्रेच्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "आज तू कर. गोळ्या दुकानात मांडण्याजोग्या झाल्या, तर कढई तुझी. नाही झाल्या, तर पुन्हा विचारायचं नाही."

"आणि मामंजी, तुम्ही?"

"मी ओट्यावर बसतो. आक् छी!" त्याला सणकून सर्दी झाली होती.

सुनेने साखर चढवली. साखर वितळून मधाच्या रंगाची झाली. इतक्यात शेजारीण खिडकीतून डोकावली.

"काय गं, गोडात मीठ घालता म्हणे! मग बासुंदीत लसूणही घालत असाल."

"घालू की काकू. तुमच्या अळणी आमटीला आम्ही कधी नावं ठेवली का?"

दोघी खो खो हसल्या. तेवढ्यात साखर काळी पडली. करपल्याचा वास सुटला. सुनेचा चेहरा उतरला.

शेजारीण हळूच म्हणाली, "वरून साय ओत. लोणी आणि मीठ जरा जास्त टाक. म्हाताऱ्याचं नाक बंद आहे. त्याला कुठे कळतंय?"

सुनेने तसेच केले. तूप लावलेल्या ताटात पाक ओतला, थापला, वड्या पाडाव्यात तशा गोळ्या कापल्या. दिसायला छान चकचकीत.

हलवायाने एक गोळी तोंडात टाकली. सावकाश चघळली. "रंग गडद आहे. पण दाताला चिकटत नाही. जमलं तुला. कढई तुझी."

दुकानापुढे मुलांची रांग लागली होती. सुनेने कढईकडे पाहिले. मग रांगेकडे पाहिले.

"मामंजी, ताट मांडू नका. पाक करपलाय. तुम्हाला आज चव कळत नाही, म्हणून मी गप्प बसले."

हलवायाने ताट उचलून सरळ उकिरड्यावर रिकामे केले. मुले एका सुरात ओरडली, "अरेरे!"

"रांग मोडायची नाही!" तो मुलांवर खेकसला. मग सुनेकडे वळला. "चूल पेटती आहे. डब्यात साखर आहे. बघतेस काय?"

सून पुन्हा चुलीपाशी बसली. या वेळी शेजारीण लाटणे घेऊन दारात उभी राहिली. कुणी तोंड उघडले की लाटणे वर. ओट्यावरून शिंक आली.

"ओ हलवाई! शिंकायचं तर विहिरीपलीकडे जा!" शेजारीण ओरडली.

गावाला धाकात ठेवणारा हलवाई नाक दाबून निमूट विहिरीपलीकडे गेला. मुलांची हसून पुरेवाट झाली. सुनेने मात्र मान वर केली नाही. साखर तांब्याच्या रंगाची होताच तिने कढई उतरवली.

नवे ताट तयार झाले. सुनेने एक गोळी चाखली. हलवाई परत आला. त्याने गोळीला हात लावला नाही.

"कशा झाल्यात?"

"चांगल्या झाल्यात, मामंजी."

त्याने ताट उचलले आणि दुकानाच्या फळीवर मांडले.

"अहो, चाखून तरी बघा!" शेजारीण म्हणाली.

"तिने चाखल्यात," हलवाई म्हणाला. "कढई तिची आहे."

तात्पर्य: पकडणारा कुणी नसताना जो आपली चूक सांगतो, त्याच्या शब्दाची पुन्हा परीक्षा घ्यावी लागत नाही.