कोळशाच्या रेघा

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक वैद्यीणबाई राहायच्या. पुढे त्या गावात जे घडलं ते ऐकून तुम्ही म्हणाल, छे, माणसं इतकी खुळी असतात का कुठे? असतात. गुळाच्या एका ढेपेपायी असतात.

बाईंची पैसे घेण्याची रीत जगावेगळी होती. औषध नेताना काही द्यायचं नाही. बरं वाटलं की यायचं, दारात उभं राहून "बाई, गुण आला" म्हणायचं आणि आपल्या हातचं काहीतरी उंबऱ्याशी ठेवायचं. कुंभाराने मडकं ठेवावं, विणकराने पंचा, माळणीने भाजीची जुडी. गुण आला नाही तर देणं नाही. उलट बाई दुसरं औषध काढून द्यायच्या आणि तेही फुकट.

बाईंच्या घरात फळीवर औषधांची मडकी ओळीने मांडलेली असायची. कुणी "गुण आला" म्हटलं की बाई त्या औषधाच्या मडक्यावर हळदीचं बोट ओढायच्या. कुणी "नाही आला" म्हटलं की कोळशाची रेघ. असं त्या का करतात ते गावात कुणाला नीट ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

त्याच गावात एक गुऱ्हाळवाला होता. ऊस घरचा, बैल घरचे, गुळाला मागणी पंचक्रोशीत. पण देण्याची वेळ आली की याचा हात आखडायचा. एका वर्षी त्याला हुडहुडी भरून ताप आला. चार गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे थांबेनात.

बाईंनी परसातल्या निळ्या फुलांच्या वेलीची मुळी उकळून त्याला काढा दिला. ही वेल त्यांच्या वडिलांनी लांबच्या डोंगरावरून आणून लावलेली. हा ताप गावात नवा, म्हणून ती मुळी बाई पहिल्यांदाच कुणाला देत होत्या. तिसऱ्या दिवशी ताप पळाला. चौथ्या दिवशी गडी दोन भाकऱ्या रिचवून गुऱ्हाळात रस उकळायच्या काहिलीपाशी उभा!

इतक्यात लांबून बाई येताना दिसल्या. गुऱ्हाळवाल्याची नजर नुकत्याच काढलेल्या ढेपेवर गेली. पिवळीधमक, घमघमणारी ढेप. द्यायची? त्याला ते सोसेना. त्याने झटकन घोंगडी ओढली आणि बाजेवर आडवा झाला.

"काय रे, गुण आला का?" बाईंनी विचारलं.

"कुठला गुण, बाई! कणकण आहे तशीच आहे."

"बघू, नाडी दे."

"नको बाई, हात लावला तरी अंग ठणकतं."

आता तुम्ही म्हणाल, बाईंना कळलं कसं नाही? कळलं असतं, पण वडिलांनी त्यांना एक शिकवून ठेवलं होतं. दुखणं ज्याचं त्यालाच ठाऊक, म्हणून आजाऱ्याच्या शब्दावर संशय घ्यायचा नाही. बाईंनी आयुष्यभर ते पाळलं. त्या मान खाली घालून घरी आल्या आणि निळ्या वेलीच्या मडक्यावर त्यांनी कोळशाची रेघ ओढली.

ती रेघ गुऱ्हाळवाल्याच्या बायकोने पाहिली आणि घरी येऊन सांगितली. तो मोठ्यांदा हसला. "माझी उधारी मांडून ठेवतेय म्हातारी! ओढू दे रेघा. रेघांनी का कुणाचं पोट भरतं?"

गरज सरो नि वैद्य मरो, ही म्हण गावात होतीच. आता तिला रस्ता सापडला. बायको पाणवठ्यावर बोलली, पाणवठा गावभर बोलला. पुढच्या वर्षी त्याच तापाची साथ आली तेव्हा कुंभाराला गुण आला नाही, विणकराला आला नाही, माळणीला तर मुळीच नाही. सगळे धडधाकट हिंडत होते, बाई दिसल्या की मात्र खोकत होते. जिच्या हातून जीव वाचला तिच्यासमोर ही सोंगं! सांगतानाही मला लाज वाटते, त्यांना कशी वाटली नाही कुणास ठाऊक.

दोन वर्षांत ते मडकं काळंकुट्ट झालं.

एका सकाळी बाई त्या मडक्यासमोर बसल्या आणि रेघा मोजू लागल्या. वडिलांनी विश्वासाने दिलेली वेल, आणि एकालाही गुण नाही? मग आपण ही दोन वर्षं लोकांना पाजलं तरी काय? त्या रडल्या. गावाचा त्यांना रागही आला नाही, स्वतःचाच आला. जे औषध लागू पडत नाही ते देणं पाप, असं म्हणून त्यांनी कुदळ उचलली आणि परसातली सगळी वेल मुळासकट उपटून काढली, मडक्यातली मुळीही तिथेच ओतली.

आठवड्याने गुऱ्हाळवाला तिथून चालला होता. वाळल्या मुळ्यांचा ढीग पाहून, त्या कशाच्या ते न विचारताच म्हणाला, "बाई, टाकताच आहात तर मला द्या. चुलाणात घालायला होतील."

"ने बाबा. निदान गूळ तरी शिजेल," बाई म्हणाल्या.

दोन भारे झाले. गुळाच्या चुलाणात ते तडतडत जळून गेले.

पुढल्या हंगामात गुऱ्हाळवाल्याची मुलगी तापाने पडली. आठ वर्षांची, दिवसभर चिमणीसारखी बडबडणारी पोर. तीच हुडहुडी, तेच दात वाजणं. बाईंनी दुसरा काढा दिला. दोन दिवस झाले, ताप उतरेना. पोर ओळखीची माणसं विसरू लागली.

गुऱ्हाळवाला धावत बाईंकडे आला. अंगणात गावातली आठ-दहा माणसं औषधासाठी बसलेली होती.

"बाई, तिला ती निळ्या फुलांची मुळी द्या."

बाई चकित झाल्या. "अरे, त्या मुळीला गुण कुठे आहे? तूच तर सांगितलंस."

गुऱ्हाळवाल्याने आजूबाजूला पाहिलं. सगळे त्याच्याकडे बघत होते. कुंभार तेवढा जमिनीकडे बघत होता. खरं बोलायची हीच वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं.

"तसं... थोडाफार गुण असेल," तो पुटपुटला.

"थोडाफार म्हणजे काय? आला होता की नव्हता? अर्ध्या भरवशाचं औषध मी लहान पोरीला पाजणार नाही. नीट सांग."

चारचौघांत खोटा ठरेन, लोक तोंडावर हसतील, एवढंच त्याच्या मनात आलं. घरात लेक तापाने फणफणतेय आणि हा अब्रू सांभाळतोय! तो तसाच माघारी गेला.

रात्र सरली. सकाळी पोरीने डोळेही उघडले नाहीत. तेव्हा मात्र तो अनवाणी पळत सुटला आणि बाईंच्या अंगणात येऊन धाडकन गुडघ्यांवर पडला.

"बाई, मी खोटं बोललो! तिसऱ्या दिवशी ठणठणीत झालो होतो. ढेप द्यावी लागेल म्हणून घोंगडी घेऊन पडलो."

अंगणात आजही औषधासाठी माणसं बसलेली होती. मग विणकर उठला. "मीपण, बाई. दोनच दिवसांत बरा झालो होतो." कुंभार म्हणाला, "मीही." माळण पदरात तोंड लपवून रडू लागली.

बाई ताडकन उठल्या. त्या आत गेल्या आणि ते काळं मडकं दोन्ही हातांत धरून बाहेर आल्या.

"मग या रेघा? या सगळ्या खोट्या?"

"आमची उधारी होती ना ती?" गुऱ्हाळवाल्याने विचारलं.

"उधारी?" बाईंचा आवाज चिरकला. "मी कधी कुणाची उधारी मांडली? अरे, कुठलं औषध लागू पडतं आणि कुठलं नाही, ते मला यावरून कळायचं! तुमच्या तोंडून मी वैद्यकी शिकत होते. तुम्ही मला खोटं शिकवलंत?"

गुऱ्हाळवाल्याने बाईंचे पाय धरले.

"चुकलो, बाई. पण आता मुळी द्या. पोर जाईल माझी."

बाईंनी रिकामं मडकं त्याच्यापुढे उपडं केलं. "कुठून देऊ? दोन भारे तूच तर नेलेस."

गुऱ्हाळवाल्याने डोक्याला हात लावला. आपल्या लेकीचं औषध आपण आपल्याच हाताने जाळलं, हे त्याला कळलं आणि तो लहान मुलासारखा ओरडून रडला.

बाई मात्र रडत बसल्या नाहीत. "लांबच्या डोंगरावर, कड्याखाली अजून असेल. वडील तिथूनच घेऊन आले होते. रडू नको, पळ!"

तो पळाला. विणकर आणि कुंभारही त्याच्यामागे पळाले. काट्यांनी पाय फाटले, कड्यावरून कुंभार घसरून हात मोडून बसला, पण दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ते मुळी घेऊन परतले. पोरीची धुगधुगी अजून होती. बाईंनी स्वतः चमच्याचमच्याने काढा पाजला. तीन दिवस त्या तिच्या उशापासून हलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. पोर उठून बसली, पेज प्यायली. अख्खं गाव दारात लोटलं. गुऱ्हाळवाला आनंदाने वेडा व्हायचा बाकी राहिला. त्याने मागून हाक मारली, "चिमे!"

पोरीने मागे पाहिलं नाही.

त्याने पुन्हा, मोठ्याने हाक मारली. बाई पुढे झाल्या आणि त्यांनी तिच्या कानामागे जोरात टाळी वाजवली. पोर पेज पीत राहिली.

"ताप फार दिवस राहिला," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "कान गेले तिचे."

गुऱ्हाळवाला खांबाला धरून उभा होता. त्याने विचारलं, "बाई, मी त्याच दिवशी खरं बोललो असतो तर? एक दिवस आधी मुळी आली असती तर?"

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, जाऊ दे, नशिबाचे भोग. बाईंना त्याची कीव येत होती, तरी त्या तसं म्हणाल्या नाहीत.

"तर तिला ऐकू आलं असतं," त्या म्हणाल्या. "या घरात आता पुन्हा खोटं नको."

दारातली माणसं एकेक करून मान खाली घालून निघून गेली. दुसऱ्या दिवशी कुणी न बोलावता सगळे बाईंच्या अंगणात आले आणि कुठल्या औषधाने कुणाला खरोखर काय झालं होतं ते सांगत बसले. सांगता सांगता संध्याकाळ झाली. सगळ्यांत शेवटी एक मोलकरीण पुढे आली. ती भीत भीत म्हणाली, "बाई, मला खोकल्याच्या औषधाचा गुण आला होता. पण घरात द्यायला काही नव्हतं, म्हणून नाही म्हणाले."

"मग तसं सांगायचं," बाई म्हणाल्या. "गुण आला, पण द्यायला काही नाही. मी काय म्हटलं असतं? बरं, नको देऊ."

एवढंच म्हणायचं होतं. इतक्या वर्षांत ते एकालाही सुचलं नाही.

तात्पर्य: वैद्याचं देणं राहिलं तर त्याच्या एकट्याचं नुकसान होतं, वैद्याशी खोटं बोललं तर पुढच्या प्रत्येक आजाऱ्याचं होतं, आणि तो आजारी आपल्याच घरातला असू शकतो.