कासारतळ्याचं पहिलं पाणी

या, सगळे इथं सावलीत या. सकाळी तुम्ही विमानतळाजवळचं क्रिकेटचं मैदान पाहिलंत, मग बॅडमिंटनचं बंदिस्त सभागृह. दोन्ही याहून मोठी आहेत. पण या शहरातलं सगळ्यात जुनं खेळाचं ठिकाण हे, कासारतळं स्टेडियम. मी यमुना खराडे. इथंच कबड्डी खेळले, आता आलेल्यांना फिरवून दाखवते. समोर पश्चिमेला बघा. बाकी सगळीकडे प्रेक्षकांच्या पायऱ्या, आणि तिथं मात्र बैलगाडी जाईल एवढी वाट मोकळी. बांधकाम अर्धवट राहिलं असं पाहुण्यांना वाटतं. तसं नाही.

फार पूर्वी इथं तळं होतं, असं सांगतात. पूर्वेच्या काठावर बोरवडी गाव, पश्चिमेच्या चढावर हिंगणमाळ. आता दोन्ही शहरात मिसळून गेलीत. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले आणि तळ्याच्या मधोमध तेवढं डबकं उरलं. घागरीवरून भांडणं लागली. एका भांडणात माणूस मेला. तेव्हा परगण्याच्या देशमुखांनी दोन्ही गावांना बेलभंडार उचलून शपथ घ्यायला लावली. सुकलेल्या तळात एक कुस्ती होईल, जिंकेल त्या गावाचं पाणी, हरेल त्यानं बिऱ्हाडं उचलून नदीकडे जायचं. नदी फार लांब होती. म्हातारी माणसं आणि तान्ही पोरं वाटेत राहतील हे सगळ्यांना कळत होतं, पण पाणी दोघांना पुरणार नाही हेही कळत होतं.

बोरवडीकडून जोत्याजी उतरला, हिंगणमाळकडून मल्हारी. दोघं एकाच वस्तादाच्या तालमीत वाढलेले. एकमेकांचे डाव त्यांना झोपेतही ओळखू यायचे. अशा जोडीची कुस्ती लवकर निकाली लागत नाही, म्हणून लोक दिवसभराच्या तयारीनं बसले होते. पण मल्हारीची पाठ बघता बघता मातीला लागली. बोरवडीकरांनी हलगी वाजवायला घेतली.

जोत्याजी मात्र त्याच्या अंगावरून उठेना. त्याच्या हाताला काहीतरी वेगळं लागलं होतं, म्हणे. रणरणत्या उन्हात झुंजूनही मल्हारीच्या अंगाला घामाचा थेंब नव्हता.

"मल्हारी, पाणी प्यायला नाहीस?"

"गावानं तांब्याभर राखलं होतं माझ्यासाठी," मल्हारी म्हणाला. "निघताना शेजारची बाळंतीण दिसली. तिला दिलं."

जोत्याजी उठला आणि त्यानं देशमुखांपुढे हात जोडले. "सरकार, ही कुस्ती धरू नका. मी तहानलेल्या माणसाला पाडलंय."

देशमुख म्हणाले, "पाठ लागलेली सगळ्यांनी पाहिली. बेलभंडार उचललाय. पाणी बोरवडीचं."

"मग बोरवडीचं पाणी कुणाला पाजायचं, ते बोरवडी ठरवेल ना?"

देशमुखांआधी जोत्याजीचेच गाववाले उसळले. "आमच्या पोरांच्या तोंडचं काढून देणारा तू कोण?" त्यांचंही खोटं नव्हतं. तिकडे हिंगणमाळची माणसं पाठ फिरवून चढाला लागली होती. इतक्यात जोत्याजीची आई, सगुणा, घागर घेऊन डबक्यात उतरली. तिनं घागर भरली, कुणाकडे न बघता मल्हारीपाशी आली आणि त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. मग तिनं चढाकडे बघून हाक मारली, "बायांनो, भांडी घेऊन या. संपेल तेव्हा सगळ्यांचं संपेल." त्या बाया ज्या वाटेनं खाली उतरल्या, ती ही वाट.

पुढे काय झालं ते दोन तऱ्हांनी सांगतात. कुस्ती झाली त्या जागी झरा फुटला, असं देवळात ऐकाल. माझे आजोबा म्हणायचे, झराबिरा काही नाही. पाणी पावसाआधीच संपलं. दोन्ही गावांनी मिळून तळ खणला आणि चिखल फडक्यातून गाळून प्यायले. गुरं बरीच गेली. सगुणेची एकुलती म्हैस गेली. काही म्हातारी माणसंही गेली, दोन्ही काठांवरची. बोरवडीत काही घरांनी जोत्याजीशी बोलणं टाकलं ते कायमचं. त्याला पुन्हा कुणी कुस्तीच्या मैदानाला बोलावलं नाही. पाऊस आल्यावर तो आणि मल्हारी काठावर तालीम बांधून राहिले आणि दोन्ही गावांची पोरं घडवली. आपण केलं ते बरोबर होतं का, असं तो म्हातारपणी मल्हारीला विचारायचा, म्हणे. मल्हारी उठून त्याला पाणी आणून द्यायचा.

पुढे तळं बुजलं, शहर वाढलं, स्टेडियम आलं. नकाशात त्या वाटेवर पायऱ्या होत्या. दोन्ही गावांची माणसं काम अडवून वाटेतच जाऊन बसली, आणि वाट राहिली.

आजही इथं अंतिम सामना झाला की जिंकलेल्यानं हरलेल्याला आधी पाणी पाजायचं, मग बक्षीस घ्यायचं. नियमात कुठं लिहिलेलं नाही. मागच्या हिवाळ्यात मुलींच्या कबड्डीत बाहेरगावचा संघ जिंकला. त्यांच्या कर्णधार मुलीला हे ठाऊक नव्हतं. ती कप घ्यायला पुढे झाली आणि सगळं स्टेडियम गप्प. टाळी नाही. ती बावरून इकडेतिकडे बघायला लागली. तेव्हा हरलेल्या संघाची कर्णधार, आमच्या इथलीच पोर, रडून डोळे सुजलेले, तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, "आधी मला पाणी दे, मग घे." त्या मुलीची बाटली रिकामी होती. ती पळत त्या वाटेवरच्या नळाशी गेली. पाणी बारीक येत होतं. बाटली भरेपर्यंत प्रमुख पाहुणे कप हातात धरून उन्हात उभे राहिले, आणि त्यांच्याबरोबर आम्ही सगळे.