समुद्राला परत केलेली भिंत

फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची ते विचारू नका. समुद्र वर्षं मोजत नाही, मीही नाही. लहानांनी ऐका, थोरांनी तर ऐकाच.

एका बेटावर कोळ्यांचं गाव होतं. समोर पाण्याखाली पोवळ्यांचा खडक पसरलेला. गावाच्या टोकाला, अगदी लाटांपाशी, एका म्हातारीची झोपडी होती. एका उधाणात तिचा उंबरा वाहून गेला.

ती गावच्या नाखव्याकडे गेली. "भिंत बांध बाबा. पुढच्या उधाणाला मीच जाईन."

नाखवा भला माणूस. पण भल्या माणसाची घाई फार वाईट. ओहोटीला त्याने पोवळ्यांचा खडक फोडला आणि त्याचे चिरे रचून भिंत उभी केली. पुढचं उधाण भिंतीवरून आलं.

"उंची कमी पडली," नाखवा म्हणाला. आणखी खडक फोडला. भिंत वाढली, तशा लाटाही वाढल्या.

शेवटी म्हातारी स्वतः पहार घेऊन पाण्यात उतरली. खडकाचा एक कोपरा तेवढा उरला होता. तिने वाकून पाहिलं आणि पहार तशीच हातात राहिली. दगडाला तोंडं होती. मोहरीएवढी, अगणित, उमलत होती, मिटत होती.

"कोण रे तुम्ही?"

"बांधणारे," त्यातला एक जीव म्हणाला. "तुझ्या पणजीच्या पणजीच्या आधीपासून. लाट इथे फुटायची, तुझ्या दारात नाही. तू कसली भिंत बांधतेस, पोरी?"

म्हातारीने पहार खांद्यावर टाकली. 

ती वर आली आणि आपल्या दारापुढचाच चिरा उपसू लागली.

"अगं आये, भिंत तूच मागितलीस ना?" नाखवा म्हणाला.

"मागितली. आता परत देते. बुडाले तर पहिली मीच बुडेन, तुझं काय जातंय? उचल."

त्याने उचलला. मग गावाने उचलले. चिरे पुन्हा पाण्यात रचले, त्यांवर पोवळ्यांच्या उरल्यासुरल्या जिवंत फांद्या काथ्याने बांधल्या. तिथे जाळं नाही, नांगर नाही, अशी गावाने आण घेतली. पोवळं बोटाच्या पेराएवढं वाढायलाही वर्ष घेई. तेवढी सगळी वर्षं म्हातारी नाखव्याच्या पडवीत राहिली आणि त्याला रोज बोलणी ऐकवत राहिली.

खडक भरला तेव्हा ती आपल्या झोपडीत परतली, आणि मोठं उधाण आलं. दूर पाण्यात लाटेचा डोंगर उठला, खडकावर आपटला, त्याचा पांढरा चुरा झाला. नव्या उंबऱ्याशी आला तो नुसता फेस. म्हातारीच्या पायाचं बोट भिजवून मागे गेला.

तिने हात जोडले. "मोहरीएवढे रे," ती म्हणाली, "मोहरीएवढे."

तात्पर्य सरळ आहे: जो आपल्याला राखतो, त्यालाच फोडून नवा राखणदार घडवू नये.